कॉम्प्युटरचा ताप

चौथ्यांदा तो डबा काउंटरवर येऊन बसला तेव्हा सालेहानं त्याच्याकडे लगेच बघितलंसुद्धा नाही. टेबलफॅनचं तोंड आपल्याकडे वळवलं, ओढणीच्या टोकानं मान पुसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि मग विचारलं, "बोल बाबा. किती वेळ चालला?"

"अर्धा तास, आपा. लई झालं तर पाऊण." सत्यम जळकोटहून एसटीनं आला होता, कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन. जुन्या धोतरात गुंडाळलेला, वरून सुतळी. "मॅच रंगात आली की आधी चित्र अडकून राहतंय. माणूस पळता पळता उभाच. मग आतला पंखा बोंबलतो, आन् फट्कन काळं. टीममधले पोरं शिव्या घालून राहिले."

"आणि इथं माझ्याकडे?"

"इथं काय होतंय त्याला! इथं मक्खनावानी चालतो."

तेच तर दुखणं होतं. माहेरी खिदळणारी आणि सासरी गेली की मुकी होणारी एखादी सून असते, तसा हा डबा. अशा वेळी सासरी काय चाललंय ते कुणी बघायला जात नाही, सुनेला नाहीतर तिच्या आईला नाव ठेवून मोकळे होतात. इथं आईच्या जागी सालेहा होती.

अहमदपूरच्या मोंढ्यामागच्या गल्लीत हे दुकान सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. नवरा सलीम घड्याळांबरोबर रेडिओ आणि टीव्ही करायला लागला. सालेहा नांदेडहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन सून म्हणून आली आणि कॉम्प्युटर आल्यावर दुकान तिच्याकडे आलं. कुणी दिलं नाही, आपोआप आलं. आता पंचावन्नच्या पुढं वय, कमरेत पट्टा, चष्म्यावर चष्मा. मे महिन्यातल्या पत्र्याखाली बसून दिवसभर लोकांचे बंद पडलेले डबे उघडायचे. हौस कधीच संपलेली. उरली ती सवय, आणि सवयीला थकवा येतो हे तिला अलीकडं कळायला लागलं होतं.

सत्यमचा डबा पहिल्यांदा आला तेव्हा प्रकरण अगदी साधं होतं. पोरगं वीस वर्षांचं, उदगीरला कॉलेज, आणि संध्याकाळी पाच जणांची टोळी करून ऑनलाइन लढाई खेळायचं. पाचही जण पाच गावांत आपापल्या घरी बसलेले, लढाई मात्र एकत्र. एकाचं मशीन बंद पडलं की बाकीचे चौघं मार खातात. झाकण उघडलं तर आत हरभऱ्याचा भुसा, धूळ, एक वाळलेली पाल. प्रोसेसर म्हणजे त्या मशीनचं डोकं. त्याच्यावर धातूच्या पात्यांची एक जाळी आणि पंखा असतो. डोकं आणि जाळी यांच्यामध्ये मलमासारखी पेस्ट लावतात, म्हणजे डोक्यातली उष्णता जाळीत उतरते आणि पंखा ती बाहेर फेकतो. इथं पेस्ट वाळून पापुद्रा झालेली. उष्णता जागच्या जागी. असं झालं की मशीन आधी मंद होतं, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतं. यात भानगड काही नाही. सालेहानं धूळ उडवली, नवी पेस्ट लावली, दिवसभर गेम चालवून बघितला. काम झालं.

त्या दिवशी डबा न्यायला सत्यमचा बाप ग्यानोबा आला होता. पांढरी टोपी, हातात कासऱ्याचं नवं वेटोळं. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यानं विचारलं, "पर झालं काय होतं त्याला?"

मागं दोन गिऱ्हाइकं ताटकळलेली. एक बाई प्रिंटर कडेवर घेऊन उभी. पेस्ट, पाती, उष्णता, कुठून सुरू करणार? सालेहा म्हणाली, "ताप आला होता म्हणा की, ग्यानोबादादा. डोकं तापत होतं. आता थंड ठेवा म्हणजे झालं."

"हां, ताप," ग्यानोबा म्हणाला. त्याला ते बरोबर पटलं. "मग ठीक हाय."

समजावून सांगायला वेळ नसला की माणूस असंच बोलतो आणि विसरून जातो.

दुसऱ्यांदा डबा आला तेव्हा जाळीच्या पात्यांवर पांढरी पुटं. सालेहानं नखानं खरवडून बघितलं. लातूर जिल्ह्यातल्या माणसाला पांढरा क्षार दिसला की दुसरं काही सुचतच नाही. बोअरचं पाणी! नळाच्या तोट्यांवर तेच, बादलीच्या बुडाला तेच, कूलरच्या गवतावर तेच. तिनं विचारलं, "कूलर कुठं ठेवता?" सत्यम म्हणाला, "डब्याच्या तोंडासमोरच की. थंड ठेवायला सांगितलाव ना." मग तिनं त्याला झापलं. कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब उडतात, ते मशीनवर बसतात, कूलर लांब कर, असं चार वेळा बजावलं. आपण बरोबर आहोत अशी तिला पक्की खात्री होती. खात्री झाली की माणूस पुढं बघत नाही.

कूलर लांब गेला. डबा तिसऱ्यांदा आला. पात्यांवर पुन्हा पांढरं. ते तिनं आधीचंच राहिलेलं असेल म्हणून पुसून टाकलं. आता तिला वीज पुरवणाऱ्या पेटीचा संशय आला. जळकोटकडं दाब कमीजास्त होतो, पेटी दमली असेल. खात्री करायला तिनं त्याची पेटी काढून फळीवर ठेवली आणि स्वतःची, दुकानातली, आत बसवली. "ही वापरून बघ. चालला तर तुझी पेटी खराब, नाही चालला तर मला परत आण." पैशाचा विषयच नव्हता. साधी तपासणी.

सत्यमनं घरी जेवता जेवता बापाला सांगितलं, आपानं आतली पेटी बदलली.

ग्यानोबा दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या बियाण्याची चौकशी करायला अहमदपूरला मलप्पाच्या दुकानात आला. बी-खतांचं दुकान, पेरणी तोंडावर, बाकडी भरलेली. तिथं तो म्हणाला, "चांगला माल काढून घेतला आन् भंगार घातलं आमच्या डब्यात. बाईमाणूस म्हणून गप बसलो." गप कुठला बसला? पेरणीच्या आधी मलप्पाच्या दुकानात बोलणं म्हणजे तालुक्यात दवंडी देणं. संध्याकाळपर्यंत ते अहमदपूरभर झालं, आठवड्यात जळकोट, शिरूर, चाकूर. ज्या कॉलेजची कॉम्प्युटरची खोली सालेहा वर्षानुवर्षं सांभाळत होती, तिथल्या सुदर्शन सरांचा फोन आला. "यंदा जरा थांबू, आपा. वरच्या लोकांच्या कानावर काहीबाही गेलंय." प्रिंटरवाली बाई समोरून जायची ती आता पलीकडच्या बाजूनं जायला लागली.

सलीम कोपऱ्यात डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा. तो एवढंच म्हणाला, "तीस बरस में किसी के घड़ी का काँटा नै बदले हम, बिना पूछे." आणि पुन्हा भिंगात शिरला. त्या दिवशी त्यानं जेवण मात्र अर्धं टाकलं.

नांदेडहून मुलगी इकरा रोज फोन करायची. अम्मी, सोडा ते दुकान, इकडं या, माझ्याकडं खोली रिकामी आहे. खरं सांगायचं तर सालेहाला जायचंच होतं. वर्षभर मनात घोळत होतं. कंबर नाही म्हणत होती, डोळे नाही म्हणत होते. पण दुकान आपण होऊन बंद करणं वेगळं, आणि चोरी उघडकीला आली म्हणून बंद केलं असं लोकांनी म्हणणं वेगळं. जायचं तर जाईन, पण चोर म्हणून जाणार नाही. बस, एवढ्या एका गोष्टीवर ती अडून बसली होती.

आणि आता चौथ्यांदा डबा समोर.

"आबा काय म्हणतात?" तिनं सत्यमला विचारलं.

सत्यमनं मान खाली घातली. "ते म्हणतेत, आपाकडं नको नेऊस, लातूरला ने. मी गुपचूप आणलाव."

सालेहानं सुतळी सोडलीसुद्धा नाही. "परत घेऊन जा. जिथं रोज ठेवतोस तिथंच ठेव, जसा रोज खेळतोस तसाच खेळ. उद्या मी येते."

"तुमी? जळकोटला?"

"का? एसटीत बायका चढू देत नाहीत काय आता?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती निघाली. खिडकीची दांडी हात भाजेल इतकी तापलेली, शेजारी कोंबड्यांची पाटी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं आणि बांधावर तुराट्यांचे ढीग. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, मीटर, ब्रश. डोक्यात एकच विचार. घरी बंद पडतो म्हणजे घरात काहीतरी आहे.

ग्यानोबाचं घर जळकोटच्या टोकाला. दोन स्लॅबच्या खोल्या, पुढं पत्र्याची ओसरी. सत्यमची आई सिंधू दारातच उभी होती. "या आपा, या. उन्हातान्हाचं कशाला दगदग केलाव वो?" आत गेल्यावर सालेहाच्या लक्षात आलं की घर घासूनपुसून बसवलंय. फरशी ओली, गादीवर कोरी चादर, कूलर पाहुणीच्या खुर्चीकडं वळवलेला. आपल्याकडं पाहुणा येणार म्हटलं की घर घरासारखं राहतच नाही. ग्यानोबा ओसरीत बाजेवर पाठ करून बसला होता. "राम राम" म्हणाला, ते समोरच्या लिंबाला म्हटल्यासारखं.

टेबल भिंतीला, डबा खाली फरशीवर दाराजवळ. सालेहानं हात फिरवून बघितलं. मागून मोकळा, वरची हवा जायची जाळी मोकळी, कूलर लांब. मीटर लावून दाब बघितला, ठीक. अर्थिंग बघितलं, ठीक. "बस, खेळ," ती सत्यमला म्हणाली.

सत्यमनं कानांवर हेडफोनची झापडं चढवली आणि या जगातून उठून गेला. "मागून ये, मागून ये! अरे यासेर, मर तू! मर म्हणलं ना!"

सिंधू कपाळावर हात मारत म्हणाली, "बघा. रोज त्या यासेरला मर मर म्हणतंय, आन् जेवताना म्हणतंय, आई, यासेर लई जिवाभावाचा हाय. ते कानाला लावलं की घर पेटलं तरी कळायचं न्हाई ह्याला."

सालेहा खुर्चीत बसून पडद्याच्या कोपऱ्यातला उष्णतेचा आकडा बघत राहिली. आकडा चढला, थांबला, तिथंच राहिला. एक लढाई झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. सरबत आलं, टरबूज आलं. डबा गार. पंखा हळू आवाजात आपलं काम करतोय. बंद पडायचं नावच नाही.

ओसरीतून ग्यानोबाचा आवाज आला, मुद्दाम मोठा. "खरी मालकीण समोर बसलीया. तिचाच माल हाय पोटात. कसा बंद पडंल तो?"

"अवो!" सिंधू दबक्या आवाजात ओरडली.

"खोटं बोलून राहिलो का?"

आली कशाला आपण एवढ्या उन्हात, असं सालेहाला झालं. आता हा उद्या मलप्पाकडं जाऊन सांगणार, बाई स्वतः आली, तिला बघून डबा सुतासारखा सरळ चालला, मग दोष कुणाचा ते समजा. तिची कंबर ठणकायला लागली. अस्रची वेळ झाली होती. तिनं सिंधूला नमाजापुरता कोपरा मागितला.

सिंधूनं आतल्या खोलीत धुतलेली चादर अंथरली. "मावळत तिकडं, आपा," म्हणून बोटानं दाखवलं आणि चहा टाकायला गेली. घरातला आवाज आपोआप खाली आला. पातेलंसुद्धा तिनं न वाजवता ठेवलं. मधलं दार उघडंच होतं. सत्यम तेवढा त्याच्या यासेरला मारत होता.

सालेहानं नमाज पुरी केली. उजवीकडं मान वळवून सलाम केला. डावीकडं वळवली, आणि सलामाचे शब्द ओठांवर असतानाच तिला दारातून बाहेरच्या खोलीतलं दिसलं.

ग्यानोबा डब्याशी उकिडवा बसला होता. शेजारी स्टीलची वाटी. हातात धोतराच्या तुकड्याची ओली घडी. ती त्यानं हलकेच पिळली, उलगडली, पुन्हा दुमडली आणि डब्याच्या वरच्या जाळीवर नीट, कडा जुळवून ठेवली. वरून तळहातानं दाबली. मग हाताची मागची बाजू डब्याच्या कुशीला लावून बघितली, तापल्या पोराच्या मानेला लावतात तशी. थोडं थांबला. घडी उलटली. सत्यम एका हाताच्या अंतरावर, पाठमोरा, कानांवर झापडं.

सालेहानं सलाम पुरा केला, मगच उठली. घाई करून आता काही बिघडणार नव्हतं.

"ग्यानोबादादा."

ग्यानोबा दचकला. वाटी पाठीमागं लपवायला गेला तर अर्धी त्याच्याच धोतरावर सांडली. "काई न्हाई. पाणी हाय नुसतं."

तिनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. जाळीच्या पात्यांवरची पांढरी पुटं, एकदा खरवडलेली, एकदा पुसलेली, तिच्या डोळ्यांसमोर आली. बोअरचं पाणी म्हणे!

"मीठ घातलंय?"

"मग? मिठाबिगर ताप उतरंल का?" ग्यानोबा उलट चिडला. "तुमीच म्हणलाव. चार माणसांसमोर म्हणलाव. ताप आलाय, डोकं तापून राहिलंय, थंड ठेवा. तुमी म्हणलाव ते कराव न्हाई तर काय कराव?"

सिंधू चहाचे कप घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली. "अवो, माझं मिठाचं वाडगं रोज कमी होऊन राहिलंय ते ह्याच्यापायी का? मी म्हणलं उंदीर!"

"उंदीर मीठ खातंय का, येडे?"

"रोज करता?" सालेहानं विचारलं.

ग्यानोबानं उत्तर दिलं ते फरशीकडं बघून. "रोज. हा बसला की घड्या करायच्या. बंद पडला की उचलून घ्यायच्या, कुणी बघायच्या आत. ज्या दिवशी लवकर बंद पडंल त्या दिवशी म्हणायचं, ताप जास्तीचा हाय आज. मग दुसऱ्या दिवशी मीठ वाढवायचं."

"पण दादा, तुम्हाला तर हा खेळ डोळ्यांसमोर नको. सगळ्या गावाला सांगता, पोरगं बिघडलं म्हणून."

"नकोच हाय," ग्यानोबा म्हणाला. "खेळच न्हाई तो. पर बंद पडला की पोरगं जेवत न्हाई. चार चार दिवस तोंड पाडून भिताडाला टेकून बसतंय. ते न्हाई बघवत. मग म्हणलं, कुणाला कळू न देता उतरवावा ताप. कळलं असतं तर लोकं म्हणले असते, ग्यानोबाच खेळाला पाठबळ देऊन राहिला."

तेवढ्यात डब्याचा पंखा कोकलायला लागला. पडद्यावरचा माणूस पळता पळता थिजला. आणि फट्कन काळं.

"पडला!" सत्यमनं झापडं उपटून काढली आणि गर्रकन वळला. "बघा आपा! म्हणलं होतं ना? बघा, पड..." त्याची नजर घडीवर गेली, वाटीवर गेली, बापाच्या भिजलेल्या धोतरावर गेली. "आबा?"

ग्यानोबा ओलं धोतर झटकायला लागला. मग सिंधूच म्हणाली, "च्या घ्या आधी. निवून राहिला."

चहा झाल्यावर सालेहानं ओसरीत उजेडाला डबा उघडला. तिघंही भोवती बसले. वरची जाळी हवा बाहेर जायची वाट होती, तिच्यावर ओली घडी म्हणजे चुलीवरच्या पातेल्यावर घट्ट झाकण. वरून खारं पाणी थेंब थेंब आत. तांब्याची भांडी कळकतात तसे पार्टांच्या कडांना हिरवे डाग पडले होते, स्क्रू गंजले होते. दुकानात चालायचा कारण दुकानात त्याला कुणी घड्या ठेवत नव्हतं. आज दुपारी चालला कारण पाहुणीसमोर ग्यानोबाला लाज वाटली. हे सगळं तिनं या वेळी एकेक पार्ट बोटानं दाखवत सांगितलं, न कंटाळता. पहिल्याच दिवशी, काउंटरवरच, एवढं सांगितलं असतं तर ही एसटी, हे ऊन, काहीच झालं नसतं. प्रिंटरवाल्या बाईला थोडं थांबावं लागलं असतं, एवढंच.

"मग आता मरतंय का ते?" ग्यानोबानं विचारलं.

"धुऊन पुसून बघते. चालेल, पण किती दिवस ते सांगता येत नाही. मिठानं खाल्लंय."

"म्हंजे मीच..."

"हो. तुम्हीच. आणि शब्द माझा." सालेहानं चष्मा काढून पुसला. "ते जाऊ द्या. मलप्पाच्या दुकानात तुम्ही जे बोललाव त्याचं काय करायचं?"

ग्यानोबा टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "बोलीन म्हणा कधी."

"कधी नाही. बाजारच्या दिवशी. तिथंच, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात."

"लोकं हसतील, आपा. मशीनला मिठाच्या घड्या ठेवल्या म्हणलं तर म्हातारपणापातूर हसतील."

"हसतील. मला कुणी हसलं नाही, दादा. मला चोर म्हणले. तुम्हाला नुसते हसतील."

परत जाताना डबा सत्यमनं गाडीत चढवून दिला. अहमदपूरला पोचल्यावर सलीमनं सगळं ऐकून घेतलं, भिंग डोळ्याचं काढलं आणि म्हणाला, "तू बोली बुखार, वो रखा पट्टी. उस का क्या क़ुसूर?"

"चूप बैठो तुम," सालेहा म्हणाली आणि आडवी झाली. तिला हसूही आलं नाही आणि रडूही. नुसती पाठ टेकवावीशी वाटत होती.

बाजारच्या दिवशी सकाळपासून गल्ली भरून वाहत होती. सालेहा डबा धूत बसली. ब्रश, स्पिरिट, कापसाचे बोळे. मिठाचे डाग निघता निघेनात. दुपार कलली तरी ग्यानोबाचा पत्ता नाही. येणार नाही, तिनं मनाशी म्हटलं. कशाला येईल? बियाणं काय उदगीरलाही मिळतं. आपणच जाऊन मलप्पाला सांगावं, असं एकदा वाटलं, पण आपल्या तोंडून सांगितलेल्या खऱ्याला कोण विचारतं? चोर तर म्हणणारच, मी चोर नाही म्हणून.

मग टोपी दिसली. ग्यानोबा दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला, आत न येता. "चला," म्हणाला.

"मी कशाला?"

"तुमी नसलाव तर मी तिथं जाऊन दुसरंच काहीतरी बोलून येईन. माझा मला भरवसा न्हाई."

एवढं प्रामाणिक कारण ऐकल्यावर उठावंच लागलं. सलीमला काउंटरवर बसवून ती त्याच्या मागून निघाली.

मलप्पाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ग्यानोबानं आधी सोयाबीनच्या पिशव्या उचलून बघितल्या. मग तुरीचं कोणतं वाण चांगलं ते विचारलं. मग खताचं विचारलं. शेवटी मलप्पा वैतागला. "ग्यानबा, तुला पाहिजे काय? बी पाहिजे का खत पाहिजे?"

"काईच न्हाई. बोलायचं हाय."

आणि तो बोलला. भिंतीवरच्या फवाऱ्याच्या जाहिरातीकडं बघत, शाळेतली कविता म्हणावी तसा, एका दमात. डबा कसा बंद पडायचा, आपानं ताप म्हणल्यावर आपण कशा घड्या ठेवल्या, किती मीठ घातलं. अर्ध्यावरच हशा उसळला. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "दादा, गंडादोरा न्हाई बांधला का?" दुसरा म्हणाला, "आंगारा लावायचा होता की! दृष्ट काढायची होती!" मलप्पा गल्ल्यावर डोकं ठेवून हसत होता.

ग्यानोबाचे कान लाल झाले. तो जाईल निघून आता, असं सालेहाला वाटलं. तो गेला नाही.

"हसा," तो म्हणाला. "पर माझ्या डब्यातला खिळाबी आपानं बदलला न्हाई. जी पेटी घातली ती तिची स्वतःची होती, तपासायला, फुकट. मी इथं, ह्याच जागी, तिला चोर म्हणलो. ते खोटं होतं."

चोर हा शब्द आल्याबरोबर हशा विझला. कारण तिथल्या प्रत्येकानं तो कुठंतरी पुढं सांगितला होता. कुणी पिशवीवरचा मजकूर वाचायला लागलं, कुणी वाण विचारायला लागलं. मलप्पानं तोंड पुसलं आणि घसा खाकरून म्हणाला, "बसा आपा. च्या सांगतो."

"नको. दुकान उघडं आहे."

आठवडाभर तिनं या क्षणाची वाट बघितली होती. त्या वेळी छाती भरून येईल, कुणालातरी दोन शब्द सुनावावेसे वाटतील, असं धरून चालली होती. तसं काही झालं नाही. नुसतं उकडत होतं. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यातले निम्मे आज इथं नव्हतेच. बदनामी जीपनं जाते, खुलासा मागून पायी येतो. पण निघाला तर होता.

बाहेर रस्त्यावर ग्यानोबा तिच्याबरोबर चालत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "सत्यम विचारून राहिलाय, डबा कधी मिळंल?"

"उद्या. त्याची पेटीही परत बसवते."

"मग आता उन्हाळ्यात काय कराव त्याला? म्हंजे, तापला तर?"

सालेहा थांबली. या वेळी तिनं वेळ घेतला. मनातल्या मनात दोन-तीन वाक्यं जुळवली, टाकून दिली. मग म्हणाली, "काही करायचं नाही, दादा. वर काही ठेवायचं नाही, पाणी जवळ न्यायचं नाही. हात लावायचा नाही."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

सगळ्यात अवघड काम आपल्या वाट्याला आलंय असा चेहरा करून ग्यानोबा स्टँडकडं वळला.

चार-सहा दिवसांनी सुदर्शन सरांचा फोन आला. या आपा, मशीनं खोळंबलीत, मधलं काही मनावर घेऊ नका. ती म्हणाली, बघते, कळवते. संध्याकाळी इकराचा फोन आला, तिलाही तेच म्हणाली. बघते, कळवते. नांदेडला जायचं की इथंच राहायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. कंबर अजून ठणकतच होती, पत्रा तापतच होता. पण आता निघायचं झालं तर आपल्या मर्जीनं निघता येणार होतं, आणि राहायचं झालं तर मान वर करून राहता येणार होतं. फोन ठेवून तिनं फॅन आपल्याकडं वळवला. काउंटरवर प्रिंटर घेऊन ती बाई उभी होती, नजर चुकवत. सालेहानं तिच्याकडून प्रिंटर घेतला आणि म्हणाली, "बसा. नीट सांगा, काय होतंय त्याला."